शेजारच्या आजींकडचा एसए (हिटलरच्या नाझी पक्षाचं निमलष्करी दल) खंजीर, मागच्या बाजूला घासलेलं आहे, खरा असेल का आणि घ्यावा का?

वुपरकाठ:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. मी चार वर्षं झाली जर्मनीत आहे, झोलिंगेन या पाती बनवणाऱ्या गावापासून जवळच राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, नवरा गेल्या वर्षी गेला, आता त्या घर रिकामं करून मुलीकडे चालल्यात. तळघर आवरायला मी दोन शनिवार मदत केली, तर एका जुन्या पेटीत चादरीत गुंडाळलेला खंजीर निघाला. सासऱ्यांचा म्हणाल्या. मी हातात घेतला तेव्हा त्या दुसरीकडे बघत होत्या.

तपकिरी लाकडी मूठ, त्यात धातूचा गरुड बसवलेला, वर गोल बटन, त्यात एसए ची अक्षरं. पात्यावर पुढच्या बाजूला "आलेस फ्युअर डॉइचलांड" (सगळं जर्मनीसाठी) कोरलंय. मागच्या बाजूला परजेच्या जवळ खारीचं चिन्ह आहे आणि त्याच्या खाली पात्याच्या मधोमध बोटभर लांब जागा वेगळीच दिसते, म्हणजे कुणीतरी घासल्यासारखी, बाकी पात्यापेक्षा किंचित खोलगट. खालच्या परजेच्या मागे बारीक "एन आर एच" ठोकलंय. म्यान तपकिरी, टोकाला दबलंय थोडं.

आजी म्हणतात घरात नको आहे, मुलांनाही नको, ४०० युरो दे आणि घेऊन जा, नाहीतर भंगारात टाकते. मला दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचं वेड शाळेपासून आहे, गेली दोन वर्षं या खंजिरांबद्दल वाचतोय पण विकत एकही घेतलेला नाही. प्रश्न तीन आहेत. खरा असेल का? ती घासलेली जागा म्हणजे खराबी समजायची का? आणि जर्मनीत असली वस्तू घरात ठेवली तर कायद्याची भानगड होते का? शेवटचा प्रश्न मलाच नीट मांडता येत नाहीये, पण घ्यावा का हेही सांगा, मोकळेपणाने.

जुनी_मूठ:

अहो ती घासलेली जागा खराबी नाही, तीच तर खरी गोष्ट आहे! जरा बसून वाचा.

एसए चा हा खंजीर १९३३ च्या डिसेंबरात आला. आकार त्यांनी नवीन काढला नाही, सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिरावरून घेतला, ज्याला होल्बाइन खंजीर म्हणतात. झोलिंगेनची हालत तेव्हा वाईट होती, मंदीत कारखाने बसलेले, त्यामुळे ही ऑर्डर आल्यावर गावातल्या जवळजवळ सगळ्या पातेवाल्यांनी हात मारला. तुमची खार म्हणजे कार्ल आइकहॉर्न, त्यांचंच चिन्ह. एन आर एच म्हणजे नीडरऱ्हाइन, एसए च्या गटाचं नाव. म्हणजे ज्या भागात आजी राहतात तिथल्याच गटाचा खंजीर, हे जुळतंय आणि मला आवडलं.

आता घासलेली जागा. १९३४ च्या सुरुवातीला एसए चा प्रमुख अर्न्स्ट रोमने आपल्या जुन्या लोकांना खंजीर दिले, ज्याच्या मागच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात "इन हेर्त्स्लिशर फ्रॉइंडशाफ्ट, अर्न्स्ट रोम" असं कोरलेलं होतं. मनापासूनच्या मैत्रीने, असा अर्थ. पुढे ३० जून १९३४ ला हिटलरने आपल्याच एसए च्या पुढाऱ्यांना पकडून मारायला सुरुवात केली आणि रोमला १ जुलैला म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात गोळ्या घातल्या. त्यानंतर नवीन प्रमुख व्हिक्टर लुत्सेकडून हुकूम निघाला की हे नाव पात्यावरून काढून टाका. म्हणून कुणी फक्त नाव घासलं, कुणी पूर्ण ओळ घासली, आणि थोड्यांनी काहीच न करता लपवून ठेवला. अख्खी ओळ शाबूत असलेले फार कमी, त्यामुळे त्यांचीच नक्कल सगळ्यात जास्त होते.

म्हणून लगेच आनंदाने उडी मारू नका. फसवणारे दोन्ही बाजूंनी फसवतात. साध्या खंजिरावर नवीन ओळ कोरतात, आणि तेवढं जमत नसेल तर साधा खंजीर मागून घासतात आणि हा रोमचा होता म्हणून विकतात. तुमच्याकडे घरातून निघालाय, बाजारातून नाही, हे मोठं आहे, पण वस्तू बघायची, कहाणी नंतर. मी हे शिकायला पैसे घालवलेत. माझ्या पहिल्या खंजिराबरोबर फार सुंदर कहाणी होती, सैनिकाची, आजोबांची, चिठ्ठीसकट, आणि घरी आणून भिंगाखाली धरला तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा टोकदार, एकसारख्या, जणू काल यंत्राने काढल्यात. त्या रात्री झोप लागली नाही हो.

तर असं करा. खिडकीशी उभे राहा, पातं आडवं धरा आणि उजेड बाजूने तिरका पडू द्या, दिवा नको, ढगाळ दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. मूळ पात्यावर फॅक्टरीच्या घासणीच्या बारीक रेषा आडव्या, धारेकडून धारेकडे गेलेल्या दिसतात. ज्याचं पातं आरशासारखं चकचकीत आहे ते एकतर कुणीतरी पॉलिश करून वाट लावलेलं असतं किंवा नवीन असतं. घासलेल्या जागी या रेषा तुटतात आणि वेगळ्या दिशेने जातात. त्या वेगळ्या ओरखड्यांत तळाशी बाकी पात्यासारखाच काळपट रंग उतरलेला आहे का ते बघा, ओरखडे चमकत असतील तर मामला ताजा आहे. आणि त्याच तिरक्या उजेडात घासलेल्या जागेत एखादं अक्षर अजून दिसतं का शोधा. तेजाबाने कोरलेलं असल्यामुळे घाईने घासणाऱ्याच्या हातून खोल रेघा बऱ्याचदा राहून जातात.

अजून एक तपासणी सांगतो, ही सोपी आहे. आरझेडएम हे पक्षाच्या खरेदी खात्याचं गोल चिन्ह आणि सोबत एम ७ तिरकी रेघ आणि नंबर, आइकहॉर्नचा ६६, हे खंजिरांवर यायला लागलं साधारण १९३५-३६ पासून. रोमचं नाव १९३४ चं. एकाच पात्यावर दोन्ही असतील तर तो खंजीर कुणी कितीही शपथ घेऊन दिला तरी परत करा. तुमच्याकडे नुसती खार आहे, नंबर नाही, म्हणजे तारखेच्या हिशेबात बसतो.

आणि काहीही झालं तरी साफ करू नका. पॉलिश, घासणी, व्हिनेगर, काही नाही. म्यानातून काढताना अडलं तर जोर लावू नका, जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, पातळ तेलाचा एक थेंब तोंडाशी सोडून रात्रभर ठेवा.

सरळ_रेघ:

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त कायद्याचं सांगते कारण त्यात लोक फसतात. मीही जर्मनीतच आहे, नोकरीसाठी हे कलम मला वाचावं लागतं.

घरात ठेवणं, वारसाने मिळणं, विकत घेणं, हे गुन्हा नाही. गुन्हा आहे बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं लोकांत दाखवणं आणि पसरवणं, दंडसंहितेचं ८६ अ कलम, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. इतिहास, संशोधन, शिक्षण, कला यासाठी सूट आहे. म्हणूनच तुम्ही फ्लोमार्क्टवर (जुन्या वस्तूंच्या बाजारात) गेलात तर विकणाऱ्यांनी स्वस्तिकावर चिकटपट्टी लावलेली दिसते. आणि नुसतं चिन्हच नाही, तुमच्या पात्यावरची ती ओळसुद्धा. एसए चा नारा म्हणून तीही बंदीत येते. २०२४ च्या मे महिन्यात हाले इथल्या कोर्टाने एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या ब्यॉर्न ह्योकेला भाषणात ती ओळ बोलला म्हणून १३,००० युरो दंड केला, जुलैमध्ये दुसऱ्या खटल्यात अजून १६,९०० युरो. म्हणजे फोटो काढून सोशल मीडियावर "बघा काय मिळालं" असं टाकलंत तर तुमची अडचण होऊ शकते. इथेसुद्धा फोटो न टाकता वर्णन लिहिलंत ते फार बरं केलंत.

दुसरं, हा खंजीर आहे, म्हणजे शस्त्र कायद्यात येतो. १८ वर्षांवरच्या माणसाकडे असायला हरकत नाही, पण रस्त्यावर, रेल्वेत, सोबत बाळगायला ४२ अ कलमाने मनाई आहे. आजींच्या घरून वर नेताना हरकत नाही, पण कुणाला दाखवायला गावात न्यायचा असेल तर कुलूप लावलेल्या डब्यात न्या, बॅगेत नुसता टाकून नको.

विकत घेताना एक कागद करा, कितीही ओळखीच्या असल्या तरी. कुणाकडून, कधी, कितीला, आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी घेतोय असं. इथली लिलाव करणारी मंडळीही खरेदी करणाऱ्याकडून असंच लिहून घेतात. पुढे कधी देश बदलायचा झाला तर तिथला नियम आधी बघा, ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या जानेवारीपासून असल्या चिन्हांच्या वस्तूंचा व्यापारच बंद केलाय.

निळी_शाई:

मी विरोधात लिहिणार आहे आणि राग मानू नका.

वुपरकाठ, तुम्ही लिहिलंत की आजी दुसरीकडे बघत होत्या. मला संपूर्ण धाग्यात तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. हा खंजीर घेणारा माणूस त्याचे पैसे स्वतः भरून घेत होता, पट्ट्याला लावून मिरवायला. ज्यांनी १९३३ च्या १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांपुढे उभं राहून गिऱ्हाइकांना अडवलं, ती हीच एसए. युद्धात याचा काही उपयोग झाला नाही, हा धाक दाखवायचा दागिना होता. मग तो आपण जपून, मेण लावून, कपाटात ठेवायचा, किंमत वाढेल म्हणून? मला ते पचत नाही.

२०१९ साली म्युनिकच्या एका लिलावात हिटलरच्या वस्तू आल्या होत्या, त्याची उंच टोपी वगैरे. अब्दल्ला शातिला नावाच्या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या स्विस व्यावसायिकाने साधारण ६ लाख युरो खर्चून टोपी आणि इतर काही वस्तू घेतल्या, का तर चुकीच्या हातात जाऊ नयेत म्हणून, आणि त्या ज्यू संस्थेला देऊन टाकल्या, पुढे त्या याद वाशेमकडे, म्हणजे इस्रायलमधल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकाकडे गेल्या. माणसाला करायचंच असेल तर असं करावं असं माझं म्हणणं आहे. तुमच्याकडे तर झोलिंगेनचं पात्यांचं म्युझियम दारात आहे.

जुनी_मूठ:

निळी_शाई, राग कसला. तुमचं म्हणणं मी माझ्या घरातही ऐकतो, बायको अजूनही खंजीर ठेवलेल्या खोलीत दिवा लावून जाते आणि दार ओढून घेते. पण मला माझ्याकडच्या एका खंजिराबद्दल सांगू द्या, मग ठरवा.

तो सैन्याच्या अधिकाऱ्याचा, १९३५ चा नमुना, नारिंगी रंगाची मूठ, पांढरट धातूची परज पंख पसरलेल्या गरुडाची. दिसायला एसए वाल्यापेक्षा कितीतरी सुबक. पात्यावर तराजूचं चिन्ह आणि अल्कोझो असं नाव. मी घेतला तेव्हा नुसता मूठ फुटलेली नाही, म्यान सरळ आहे, एवढंच बघितलं. दोन वर्षांनी मला कळलं की अल्कोझो म्हणजे अलेक्झांडर कॉप्पेल, झोलिंगेन. ज्यू कुटुंब. पिढ्यान् पिढ्या गावात कारखाना, गावासाठी देणग्या दिलेले लोक. कारखाना त्यांच्याकडून काढून घेतला, आणि नाव मात्र तसंच ठेवलं कारण बाजारात चालत होतं. अलेक्झांडर कॉप्पेलला १९४२ मध्ये वयाच्या सत्तरीनंतर थेरेझिएनश्टाटच्या नाझी छळछावणीत पाठवलं आणि तो तिथेच त्याच वर्षी मेला. आणि त्याच्या नावाचे खंजीर त्याच सरकारचे अधिकारी कमरेला लावून फिरत होते.

मी आता कुणालाही तो दाखवतो तेव्हा गरुड दाखवत नाही, मागे वळवतो आणि तराजू दाखवतो. अंगठ्याच्या नखाएवढा आहे. ती वस्तू भंगारात गेली असती तर माझ्यासारख्या माणसाला कॉप्पेल हे नाव कधीच कळलं नसतं. म्हणून मी नष्ट करण्याच्या विरोधात आहे, पण तुमच्या एका गोष्टीशी शंभर टक्के सहमत, किंमत वाढेल म्हणून घेणाऱ्याने यात पडूच नये. एक तर नकला इतक्या आहेत की पैसे बुडतात. युद्धानंतर झोलिंगेनच्या कारखान्यांत मुठी, परजा, पाती असे सुटे भाग शिल्लक होते, ते विकत घेऊन पुढे कित्येक वर्षं लोक जोडत बसले, भाग खरे आणि खंजीर खोटा. त्याला बाजारात ओळखणं महाकठीण. मूठ आणि परज यांच्या सांध्यावरून बोट फिरवा, मूळ जोडणीत लाकूड आणि धातू एकत्र घासलेले असतात, बोटाला पायरी लागत नाही. जोडलेल्यात लागते.

सरळ_रेघ:

कॉप्पेलचं मला माहीत नव्हतं. मी या गावाच्या इतक्या जवळ राहते. धन्यवाद.

वुपरकाठ, एकच अजून, ४०० युरोत तुम्ही आजींना फसवत नाही ना हेही बघा. रोमच्या नावाचा खरा खंजीर निघाला तर त्याची किंमत जास्त असते. त्यांना आधी सांगा.

निळी_शाई:

जुनी_मूठ, मला ते तराजूचं वाचून गप्प बसावं लागलं. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण भंगारात टाका हे मी म्हणणार नाही आता. फक्त घेतलात तर भिंतीवर लावू नका एवढी विनंती.

वुपरकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी ढग होते, आजींच्या परवानगीने त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीशी पातं धरलं. सांध्यावर बोट फिरवलं, पायरी लागत नाही. आडव्या रेषा आहेत, अगदी बारीक, केसासारख्या, आणि घासलेल्या जागी त्या तुटून तिरप्या होतात, जुनी_मूठ यांनी लिहिलं तसंच. तिरप्या ओरखड्यांच्या तळाला करडा रंग आहे, चमक नाही. आणि मग पातं अजून थोडं कलवलं तर दिसलं हो. एक मोठं वळण, वरून आडवी रेघ गेलेलं, म्हणजे "फ्रॉइंडशाफ्ट"मधला कॅपिटल एफ असावा, आणि उजवीकडे बऱ्याच अंतरावर एक लांब खाली गेलेला पाय. मधलं काही नाही. मी ते आजींना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, सासरे या घासलेल्या जागेबद्दल कधी बोलले नाहीत, पण १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांचा एक मित्र घरी यायचा बंद झाला एवढं सासूबाई सांगायच्या.

त्यांना किमतीचंही सांगितलं, सरळ_रेघ ताई. त्या म्हणाल्या पैशाचं नंतर बघू, आधी हे कुणाला तरी नीट दाखव. साफ केलेलं नाही, तेलाचा थेंबसुद्धा नाही, म्यान सहज निघालं. शनिवारी ग्रेफ्राथला, जुन्या मठातल्या डॉइचेस क्लिंगेनम्युझियममध्ये (पात्यांच्या म्युझियममध्ये) जाणार आहे, मेल लिहून विचारलंय त्यांना की बघतील का. आजी सोबत येणार म्हणतात. खंजीर टॉवेलात गुंडाळून हत्यारांच्या लोखंडी डब्यात ठेवलाय, कुलूप लावलंय, आणि किल्ली त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवलीये.